वायर किती खाते?

वायरीला स्वतःचा आवाज नसतो. गाणारा गळा, तो टिपणारा माइक, ॲम्प्लिफायर, स्पीकर, ते सगळं जिथे वाजतं ती खोली आणि सरतेशेवटी ऐकणारे कान, यातल्या प्रत्येकाची छाप आवाजावर पडते. मधल्या तारेकडे फक्त हमालीचं काम. इकडून उचललं, तिकडे पोचवलं. आणि या हमालीत प्रत्येक वायर थोडं खातेच. चांदीची असो, सोन्याची टोकं लावलेली असो, ऑक्सिजन काढलेल्या तांब्याची असो, मिळालं त्याहून जास्त पुढे देणारी तार अजून निघालेली नाही. म्हणून केबल घेताना पाहायचं ते एवढंच, की ही किती खाते आणि तिने खाल्लेलं मला कळेल का.

हे एकदा मनात बसलं की नागपुरात बर्डीच्या दुकानांत काचेआड लटकणारी पाकिटं वेगळी दिसायला लागतात. एकीकडे जाळीदार वेष्टणाची, बोटाएवढी जाड, '२४ कॅरेट गोल्ड' आणि '८के' लिहिलेली केबल. शेजारी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काळी. किमतीत दहापट, कधी वीसपट अंतर. विकत घेणारा माणूस भोळा नसतो. त्याने टीव्हीवर, साउंड सिस्टिमवर कष्टाचे पैसे घातलेले असतात आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये कंजूषी करून सगळं बिघडवायचं नाही, एवढीच त्याची इच्छा असते. ती इच्छा मला चांगली वाटते. पैसा मात्र चुकीच्या टोकाला जातो.

महाग केबलने चित्र सुधारतं, या समजुतीचं मूळ खोटं नव्हतं. नागपुरातला ॲनालॉग केबल टीव्ही सरकारी वेळापत्रकानुसार ३१ मार्च २०१३ रोजी बंद झाला. डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांत आपलं नाव होतं. तोवर गच्चीवरून, झाडावरून, शेजाऱ्याच्या सज्ज्यावरून आलेली ती काळी केबल घरात शिरेपर्यंत चार ठिकाणी हाताने पिळून, टेप गुंडाळून जोडलेली असे. ७५ ओमच्या लाइनमध्ये असा जोड आला की सिग्नलचा काही भाग तिथून मागे परततो आणि पडद्यावर माणसामागे त्याची सावली उभी राहते. वायर पातळ असेल तर मुंग्या येतात. अशा वेळी चांगली केबल आणि दाबून बसवलेला एफ कनेक्टर लावला की चित्र डोळ्यांदेखत सुधारायचं. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी 'केबल चांगली तर चित्र चांगलं' हा धडा घेतला. धडा त्या काळापुरता अगदी बरोबर होता.

सेटटॉप बॉक्स, कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयमध्ये हे गणित बदललं. २००२ च्या डिसेंबरात आलेल्या या जोडणीत चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात जातात. त्या केबलमधून लाल रंग जात नाही, 'इथला लाल इतका' असा आकडा जातो. केबल खराब असेल तर आकडा चुकतो आणि चुकला की ते लपत नाही. पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमकतात, एक-दोन सेकंद पडदा काळा होऊन परत येतो, आवाज तुटतो, 'नो सिग्नल' येतो किंवा टीव्ही आपणहून खालच्या रिझोल्यूशनला उतरतो. यातलं काही होत नसेल तर आकडे बरोबर पोचताहेत. महागडी केबल लावल्यावर काळा जास्त काळा आणि हिरवा जास्त हिरवा होण्यासाठी तिला नेमके रंगाचेच आकडे निवडून बदलावे लागतील, आणि तांब्याच्या तारेला ते येत नाही.

तरीही एचडीएमआय केबल सगळ्या सारख्या नाहीत. फरक आहे तो किती वेगाचा डेटा ती न चुकता नेते याचा. १०८० ओळींचं चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायला दर सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट डेटा न्यावा लागतो. ४के, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, ३० फ्रेमने जवळपास ९, ४के ६० फ्रेमने जवळपास १८. त्यापुढे १२० फ्रेमचं ४के किंवा ८के असेल तर ४८ गिगाबिटपर्यंतची केबल हवी. केबलचे वर्गही त्याच हिशेबाने आहेत: हाय स्पीड १०.२ पर्यंत, प्रीमियम हाय स्पीड १८ पर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला '२.१' हा आकडा यंत्रातल्या पोर्टच्या नियमावलीचा आहे. केबल ओळखायची ती या वर्गाच्या नावाने. वरच्या दोन वर्गांच्या पाकिटावर स्कॅन करायचं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने तपासता येतं. लेबल नसेल तर दुकानदाराच्या शब्दापलीकडे हातात काही नाही.

सेटटॉप बॉक्सवरची एचडी चॅनेलं १०८० ओळींची असतात. त्यासाठी दीड मीटरची साधी हाय स्पीड केबल पुरते. काही शे रुपयांत काम होतं आणि त्याहून जास्त खर्च केलेला प्रत्येक रुपया डब्याच्या शोभेचा आहे. ४के स्ट्रीमिंग असेल तर प्रीमियम. प्लेस्टेशन ५ सारखा कन्सोल असेल तर अल्ट्रा, आणि ती त्याच्या खोक्यातच येते. लांबी वाढली की मात्र खरा प्रश्न सुरू होतो. १८ गिगाबिट तांब्यावरून ५ मीटरपर्यंत निर्धास्त नेता येतात, ४८ साठी तर ३ मीटरच्या आत राहिलेलं बरं. हॉलच्या मागच्या भिंतीवर प्रोजेक्टर आणि पुढे ॲम्प असं १० मीटरचं अंतर असेल तर फायबरवाली केबल घ्यावी लागते, ती महाग असते आणि तिची किंमत योग्य आहे. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेलं असतं. उलटी लावली की चित्र येतच नाही. भिंतीत ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून एक तास चालवून पाहावी. ओढल्यावर दिशा चुकल्याचं कळलं तर सगळी मेहनत पुन्हा.

आता स्पीकरची वायर. इथे आकडे जात नाहीत, आवाजाचा करंटच थेट जातो, आणि इथे वायर खरोखर ऐकू येईल इतकं खाऊ शकते.

इलेक्ट्रिशियन ज्याला दीडची वायर म्हणतो, म्हणजे १.५ चौरस मिमी तांब्याची लवचीक वायर, तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, किलोमीटरला सुमारे १३.३ ओम असतो. स्पीकर ॲम्पपासून १० मीटरवर असेल तर करंटला जाऊन यायला २० मीटर वायर लागते, म्हणजे ०.२७ ओम. ८ ओमच्या स्पीकरवर यात ०.३ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) जातात, ४ ओमवर ०.६ च्या आसपास. अडीचच्या वायरीत हेच आकडे ०.१७ आणि ०.३४ होतात. पाऊणच्या वायरीत ०.५५ आणि १ डेसिबलहून थोडं जास्त. आणि होम थिएटरच्या खोक्यात येणारी ती लाल-काळी, सुतळीहून बारीक वायर पाव चौरस मिमीची धरली, तर १० मीटरवर तिचा रोध दीड ओमवर जातो. ४ ओमच्या स्पीकरला निघालेल्या आवाजातले पावणेतीन डेसिबल वाटेतच संपतात.

नुसता आवाज कमी झाला असता तर व्हॉल्यूम थोडा वाढवून भागलं असतं. पण स्पीकरवर लिहिलेले ८ ओम हा नाममात्र आकडा आहे. बासच्या एखाद्या सुरावर त्याच स्पीकरचा रोध ३० ओमवर जातो, मधल्या स्वरांत ६ वर उतरतो. बारीक वायर मग कमी रोधाच्या जागी जास्त खाते, जास्त रोधाच्या जागी कमी, आणि गाण्याचा तोल बदलतो. 'वायर बदलली आणि आवाज उघडला' असं सांगणारे लोक बहुतेकदा खरंच सांगत असतात. त्यांनी पावची काढून अडीचची घातलेली असते. फरक जाडीने केलेला असतो, श्रेय पाकिटावरच्या नावाला जातं.

हिशेबाला सोपा नियम असा, की जाण्या-येण्याचा मिळून वायरीचा रोध स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ८ ओमला ०.४, ४ ओमला ०.२. दीडची वायर ८ ओमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत चालते, ४ ओमच्याला साडेसातपर्यंत. अडीचची अनुक्रमे २५ आणि साडेबारा मीटर. नागपुरातल्या बहुतेक हॉलना अडीचची वायर पुरून उरते आणि घराच्या वायरिंगसाठी मिळणारी आयएसआय मार्कची लवचीक तांब्याची वायर, लाल आणि काळी अशी एकत्र पिळून, या कामाला अव्वल आहे. आपल्या मे महिन्याचं काय, असं कुणी विचारेल. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरून ४५ वर गेलं तर १० टक्के. म्हणजे ०.२७ चा ०.२९ झाला. कानाला त्याचा पत्ता लागत नाही.

डाव्या-उजव्या स्पीकरची वायर एकाच लांबीची हवी, नाहीतर आवाज मागेपुढे पोचतो, असा आग्रह फार ऐकू येतो आणि त्यापायी ३-३ मीटर वायर रॅकमागे वेटोळी घालून ठेवली जाते. ३ मीटरचा फरक सिग्नल सुमारे १५ नॅनोसेकंदांत पार करतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ५ मायक्रॉन सरकतो. डोक्यावरचा केस त्याहून दहापट जाड असतो. खुर्चीत बसून श्वास घेताना मान याहून कितीतरी जास्त हलते. वायर हवी तेवढीच कापावी.

ज्या एका फसवणुकीबद्दल मनापासून चीड यावी ती वेगळीच आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. पाकिटावर बारीक अक्षरात 'सीसीए' असतं किंवा तेही नसतं. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि ती दोन-चारदा वाकवली की तुटते. ओळखायला सोपी आहे. एक तंतू ब्लेडने खरवडा. आत पांढरट चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. (कथील चढवलेली तांब्याची वायर उलटी असते, वरून चंदेरी आणि आत लाल.) लायटरच्या ज्योतीत धरलं तर तांब्याचा तंतू लाल होऊन तसाच राहतो, ॲल्युमिनियमचा गळून पडतो. गुंडाळी घेत असाल तर वजन करा: दीडच्या एकेरी वायरीच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबं सव्वा किलोच्या आसपास भरायला हवं, वरचं प्लॅस्टिक वेगळं. मुलाम्याच्या वायरीत धातूचं वजन निम्म्याहूनही कमी असतं.

भिंतीत आधीच टाकलेली वायर असेल आणि तंतू खरवडायला मन होत नसेल तर मोजता येते. साधा मल्टीमीटर अर्ध्या ओमच्या खाली भरवशाचा नसतो, त्याच्या स्वतःच्या लीडच पाव ओम खातात. त्यापेक्षा १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्यावा. ॲम्प आणि स्पीकर सोडवून वायरीच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला बल्ब. पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. तो मल्टीमीटरची लीड १० अँपिअरच्या खाचेत घालून मोजावा. मग लीड परत व्होल्टच्या खाचेत लावून बॅटरीकडचे आणि बल्बकडचे व्होल्ट मोजून वजाबाकी करावी आणि करंटने भागावं. १० मीटर अंतराच्या दीडच्या तांब्याच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या आत घट दिसते. पाऊण व्होल्ट गेले तर वायर बारीक आहे, मुलाम्याची आहे किंवा मध्ये कुठेतरी जोड सैल आहे.

'ओएफसी' या अक्षरांबद्दलही सांगायला हवं. ऑक्सिजनमुक्त तांबं ९९.९५ टक्के शुद्ध असतं, चांगल्या विजेच्या वायरीतलं तांबं ९९.९ टक्के. दोघांच्या वाहकतेत एक टक्काही फरक पडत नाही. चांदी तांब्यापेक्षा ५-६ टक्के चांगली. तोच फायदा वायर एक नंबर जाड घेतली की कितीतरी स्वस्तात मिळतो. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे.

मग सोन्याचा मुलामा कशाला? कारण सोनं गंजत नाही. आणि इथे नागपूरचा विचार करावाच लागतो. मार्चअखेर ते पावसापर्यंत घराघरात कुलर चालतो. खस किंवा लाकडाच्या किसाच्या जाळीतून आलेली ओली हवा, तिच्यासोबत बारीक धूळ, आणि बरेचदा कुलरचं तोंड नेमकं टीव्हीच्या युनिटकडे. पितळेच्या पिनांवर दोन उन्हाळ्यांत हिरवट थर बसतो, मग एका बाजूचा आवाज जातो, पिन हलवली की येतो, खरखर होते. अशा जागी सोन्याच्या मुलाम्याची पिन उपयोगाची आहे. स्वस्त केबलवरही ती मिळते. मुलामा फार पातळ असतो, म्हणून पिन कधी सँडपेपरने घासू नये. वर्षातून दोनदा, कुलर काढताना आणि ठेवताना, सगळं बंद करून प्रत्येक पिन तीन-चारदा आत-बाहेर करावी, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी. स्पीकरच्या मागचे स्क्रूही त्याच दिवशी आवळावेत. वायरीच्या टोकाला सोल्डर चढवून ते स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि जोड सैल होतो. १२ मिमी सोलायचं, तंतू घट्ट पिळायचे, एकही तंतू शेजारच्या टर्मिनलला शिवणार नाही हे पाहायचं.

कुलरचं बटण दाबलं की टीव्ही क्षणभर काळा होतो, ही तक्रारही इथली नेहमीची. मोटर बंद-चालू होताना विजेचा जो झटका उसळतो तो कमजोर शिल्डच्या केबलमध्ये शिरतो. वरून सुंदर विणलेलं नायलॉन म्हणजे शिल्ड नव्हे; शिल्ड आत असतं, फॉइल आणि तारेची जाळी मिळून. चांगल्या बनावटीच्या केबलला थोडे जास्त पैसे देण्याचं एक खरं कारण हे आहे. पण आधी कुलरचा प्लग वेगळ्या बोर्डावर हलवून पाहा, ते फुकट आहे.

ज्या आवाजासाठी लोक सगळ्यात जास्त केबल बदलतात तो म्हणजे 'हूं' असा सतत घुमणारा हम. दोन हजारांची आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) केबल आणून हम तसाच राहिला की पाच हजारांची आणतात. हम ५० हर्ट्झचा असतो, विजेच्या लाइनचा, आणि तो बहुतेकदा केबलमधून आत येत नाही, दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधून फिरतो. शोधायची रीत अशी. ॲम्पला बाकी उपकरणांकडून येणाऱ्या सगळ्या पिना काढा आणि ॲम्प चालू करा. हम राहिला तर दोष ॲम्पमध्येच. गेला तर एकेक उपकरण जोडत जा, प्रत्येक वेळी ॲम्प बंद करून. ज्याने हम परत येईल ते धरा. बहुतेक घरांत तो सेटटॉप बॉक्स निघतो. त्याची डिशकडून येणारी केबल काढा. हम थांबला तर गच्चीवरच्या डिशच्या लोखंडी खांबातून दुसरी अर्थ घरात येते आहे. उपाय: सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या; नाही भागलं तर बॉक्स आणि ॲम्प ऑप्टिकल केबलने जोडा, कारण प्लॅस्टिकच्या फायबरमधून अर्थ फिरू शकत नाही. तिथेही स्वस्तातली ऑप्टिकल केबल चालते, फक्त ती तीव्र वाकवायची नाही.

अर्थची पिन कापून हम घालवायचा सल्ला देणारे भेटतील. ते कधीही करू नका. हम जाईल आणि एखाद्या दिवशी ॲम्पच्या लोखंडी पेटीत फेज उतरला तर तो हाताला लागेल.

अर्थिंगकडे इथे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, अर्थच्या पट्टीपासून सुटते आणि अर्थचा रोध वाढतो. जमिनीतल्या खड्ड्यात, जिथे मीठ-कोळसा भरून पाइप पुरलेला असतो, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालणं हा जुना आणि बरोबर उपाय आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट माहितगार माणसाकडून मोजून घ्यावेत. दोन-तीन व्होल्ट ठीक. दहाच्या वर असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरात भार चालू असूनही अगदी शून्य येत असेल तर कुणी मागच्या बाजूला दोन्ही एकत्र जोडून ठेवलेत का ते आधी बघा, कारण ते धोक्याचं आहे.

दोन पिनांच्या उपकरणांच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, तेही समजून घेण्यासारखं आहे. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमुळे (वीज साठवणारा भाग) ती पेटी लाइनच्या निम्म्या व्होल्टवर तरंगत असते. करंट अगदी कमी, माणसाला धोका नाही. पण चालू टीव्हीत चालू बॉक्सची एचडीएमआय केबल खुपसताना तोच साठा पिनांमधून उडी मारू शकतो आणि पोर्ट जळतो. केबल लावण्याआधी दोन्ही बाजूंचे स्विच भिंतीवर बंद करा. मृगाच्या आधीची वादळं सुरू झाली की विजांच्या रात्री डिशची केबलही बॉक्समधून काढून ठेवा. पोर्ट वाचवण्यासाठी याहून परिणामकारक असं कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

विजेच्या प्लगची महागडी दोरीही विकली जाते, आवाज 'स्वच्छ' होतो म्हणून. कोराडी किंवा खापरखेड्याला वीज तयार होते तिथून आपल्या घरापर्यंत ती कित्येक किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांवरून येते, ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, मीटर, एमसीबी, भिंतीतली वायर पार करते. शेवटचा दीड मीटर चांदीचा केल्याने आधीचा प्रवास बदलत नाही, आणि ॲम्पच्या आत शिरल्यावर तिचं पुन्हा डीसी होतंच. तेच पैसे विजेचा झटका अडवणाऱ्या चांगल्या सर्ज प्रोटेक्टरवर घाला. काही केबलवर दिशेचा बाण छापलेला असतो, तो बहुतेकदा शोभेचा. एक अपवाद सांगतो: काही ॲनालॉग केबलमध्ये शिल्ड एकाच टोकाला जोडलेलं असतं, तिथे बाणाचं काम असतं. स्पीकरच्या वायरीत करंट सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, तिथे बाण काही करत नाही.

इतकं सांगूनही कुणी म्हणेल, 'आकडे राहू द्या, मला फरक ऐकू येतो.' त्या माणसाशी वाद घालू नये. फरक त्याला जाणवतो हे खरं असतं; तो कुठून येतो एवढंच तपासायचं. अमेरिकेतले जादूगार आणि चमत्कारांचे चिकित्सक जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबल न पाहता ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कुणी नेलं नाही. असं आव्हान नागपूरकराला परकं वाटू नये. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती इथलीच, आणि 'सिद्ध करून दाखवा' ही तिची रीत आपण वर्षानुवर्षं पाहिलेली आहे.

घरी करायचं तर एका मित्राने नाणं उडवून वायर बदलायची, ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसायचं. दोन्ही वायरींवर आवाज अगदी सारखा हवा, कारण ०.२-०.३ डेसिबलने मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. १०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्हींत एक टक्क्याच्या आत फरक ठेवा. १६ फेऱ्या करा. निव्वळ नशिबाने १६ पैकी १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता २६ त १ असते. दहाच फेऱ्यांत ८ बरोबर आली तर हुरळून जाऊ नये, ते १८ त एकदा आपोआप होतं. १६ पैकी १२ किंवा जास्त आली तर फरक बहुधा खरा आहे. मग वायरीची जाडी आणि जोड तपासा, कारण तिथे सापडेल.

आणि ही परीक्षा कुलर बंद करून घ्या. चालू कुलरशेजारी बसून ऐकताना संगीतातले हळुवार भाग, तंबोऱ्याची गुणगुण, स्वर संपताना उरणारी आस, हे सगळं त्याच्या घरघरीत बुडतं. पहाटे पाच वाजता, कुलर बंद, रस्ता शांत, तेव्हा तीच स्वस्त वायर, तोच स्पीकर, आणि आधी कधी न ऐकलेलं ऐकू येतं. यासाठी पैसे लागत नाहीत.

पैसे खर्च करायचेच असतील तर खोलीवर करा. १२ बाय १४ चा हॉल, व्हिट्रिफाइड टाइल, उघड्या भिंती, वर स्लॅब: यात टाळी वाजवली तर आवाज दोन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. जाड सतरंजी, गुबगुबीत सोफा, दुहेरी पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट आलं की तो अर्ध्या-पाऊण सेकंदावर उतरतो आणि शब्द न् शब्द सुटा होतो. हा फरक ऐकायला कानांची तयारी लागत नाही, घरातली आजीही सांगेल. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे आणा, बासची गुरगुर कमी होते. बास अचानक पोकळ वाटत असेल तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली आहे का बघा. दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर लावला की प्लस-प्लस जुळलेला वूफर बाहेर सरकतो, उलटा असेल तर आत जातो.

ज्यांचं घर बेसा-मनीषनगरकडे अजून बांधून होतंय, त्यांनी केबलपेक्षा पाइपकडे पाहावं. २५ मिमीच्या पाइपमधून एचडीएमआयचं डोकं सरळ जातं आणि पहिल्या वळणावर अडकतं. टीव्हीच्या भिंतीत ४० मिमीचा टाका. ९० अंशांचा एल्बो नको, ४५ चे दोन बेंड लावा. विजेच्या पाइपपासून फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. स्पीकरच्या अडीचच्या वायरी आणि दोन कॅट-६ (इंटरनेटच्या केबल) वेगळ्या पाइपमधून घ्या. उंदरांसाठी दोन्ही तोंडांना बारीक जाळी. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक पाइपमध्ये नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकांना गाठ मारायला सांगा. एचडीएमआयची नियमावली २०१३ ला बदलली, २०१७ ला बदलली, २०२५ ला पुन्हा बदलली. आजची कुठलीही केबल, कितीही महाग असो, कधीतरी काढावी लागणार आहे. केबल ओढताना ती दोरी तिच्यासोबत बाहेर येते, म्हणून ओढण्याआधी केबलच्या टोकाला दुसरी दोरी बांधून द्यायची. केबल आत गेली की नवी दोरीही आत जाते, पुढच्या वेळेसाठी.